गाडी सुरू होत नाही? आधी कान द्या, मग पैसे



अमरावती ते अकोला हा आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा रस्ता. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाली आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. रस्ता असा गुळगुळीत झाला, पण त्यावर चढायला आपली गाडी आधी सुरू व्हायला पाहिजे ना!

आता पुष्कळ गटांकडे स्वतःची गाडी आहे. नवी कोरी नाही, जुनीच. कोणाकडे ओम्नी, कोणाकडे ईको, कोणाकडे छोटा मालवाहू टेम्पो. ओम्नी तर कंपनीने २०१९ मध्ये बनवणंच बंद केलं, म्हणजे आज रस्त्यावर दिसते ती प्रत्येक ओम्नी वयाने मोठीच. पापड, मसाला, सरगुंड्या, हळद असा माल भरून सकाळी सहाला निघायचं असतं, आणि चाबी फिरवली की गाडी गप्प. मग बैठकीत पहिला प्रश्न तोच, "ताई, गाडी काहून सुरू नाही होऊन राहिली?"

याचं उत्तर शोधताना बहुतेक वेळा उलट्या क्रमाने खर्च होतो. आधी महागाचा पार्ट बदलला जातो, मग लक्षात येतं की बिघाड दुसरीकडेच होता. महिन्याला शंभर रुपये बचत करणाऱ्या दहा जणींच्या गटाची चार महिन्यांची बचत होते चार हजार. तेवढी एका चुकीच्या अंदाजात जाऊ शकते. म्हणून आज आपण क्रम शिकू. फुकटची तपासणी आधी, शंभर-दोनशेची नंतर आणि हजारांची सगळ्यात शेवटी.

सुरुवात कानापासून

चाबी फिरवल्यावर गाडी चार प्रकारे बोलते. चारही आवाज वेगळे आणि चारही दुखणी वेगळी.

पहिला प्रकार म्हणजे काहीच आवाज नाही. मीटरवरचे दिवेसुद्धा लागत नाहीत. याचा अर्थ बॅटरीतून करंट बाहेरच येत नाही. बॅटरी पूर्ण उतरली, नाहीतर तिच्या टोकाची वायर सुटली, नाहीतर मुख्य फ्यूज उडाला.

दुसरा प्रकार, कट्-कट्-कट् असा भराभर आवाज. बॅटरीत थोडा जीव आहे, पण सेल्फ फिरवण्याएवढा नाही. किंवा बॅटरी चांगली आहे, पण टोकांवर खार जमून करंट अडतो आहे.

तिसरा प्रकार, एकच ‘टक्’ आणि पुढे शांतता. इथे सेल्फ, सेल्फवरचा स्विच किंवा त्यांच्याकडे जाणारी वायर यांच्यावर संशय घ्यायचा. पण बॅटरीची टोकं तपासल्याशिवाय सेल्फला दोष द्यायचा नाही.

चौथा प्रकार, सेल्फ मस्त घुर्र-घुर्र फिरतो, पण इंजिन उचल घेत नाही. याचा अर्थ बॅटरी आणि सेल्फ दोन्ही ठीक आहेत. पेट्रोल पोहोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही. अशा वेळी कोणी नवी बॅटरी घ्या म्हणालं, तर खिशावरचा हात काढू नका.

दिवा लागतो, मग बॅटरी चांगलीच ना?

हा प्रश्न हमखास येतो. हॉर्न वाजतो, आतला दिवा लागतो, मग बॅटरी खराब कशी? शेतातली मोटार आठवा. लाइन कमी दाबाने आली की घरातला बल्ब मिणमिण का होईना लागतो, पण विहिरीवरचा पंप नुसता हुं हुं करतो, पाणी उचलत नाही. बल्बला थोडं लागतं, पंपाला फार लागतं. गाडीचंही तसंच आहे. आतल्या दिव्याला एक अँपिअरही लागत नाही आणि लहान इंजिनाचा सेल्फसुद्धा सुरुवातीला शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त अँपिअर खेचतो. म्हणून दिवा लागणं हा बॅटरी चांगली असल्याचा पुरावा धरायचा नाही.

पण त्याच दिव्याने एक फुकटची परीक्षा घेता येते. हेडलाइट लावा, एका ताईला गाडीसमोर थोडं बाजूला उभं करा आणि चाबी फिरवा. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला पाहिजे. चाबी फिरवताच उजेड एकदम मंदावला किंवा विझला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टोकं सैल आहेत. उजेड जशाचा तसा राहिला आणि सेल्फ हललाच नाही, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही. मग चाबीचा स्विच, रिले किंवा सेल्फ पाहायचा. दोन मिनिटांची परीक्षा, खर्च शून्य, आणि निम्मा शोध इथेच संपतो.

बॅटरी रात्रीत उतरली कशी, याचाही हिशेब सोपा आहे. हेडलाइटचे दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर खातात. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी साडेतीन-चार तासांत रिकामी होते. जेवायला घरी गेलो आणि दिवे चालू राहिले, एवढं पुरतं. अशी बॅटरी मेलेली नसते, उपाशी असते. चार्जिंगवर लावून पाहायच्या आधी ती भंगारात घालू नका.

हात लावण्याआधी

हातातल्या धातूच्या बांगड्या, कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. मंगळसूत्र आत घ्या. बॅटरीचं प्लसचं टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये बांगडी आली, तर ती क्षणात लाल होते आणि मनगट भाजतं. पदर खोचा, ओढणी पाठीमागे बांधा, वेणी वर घ्या. पुष्कळ गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरतो.

बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. काडी, विडी, उदबत्ती काहीही जवळ नको. पेट्रोलचा किंवा गॅसचा उग्र वास येत असेल तर चाबी फिरवायचीच नाही. गाडीपासून दूर व्हा आणि मिस्त्रीला बोलवा.

खार काढा

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसते, तो खार. तो करंट अडवतो. टोक हाताने हलवून पाहा. हललं, तर तिथेच दुखणं सापडलं असं समजा.

साफ करायची पद्धत अशी. चाबी काढा. आधी मायनसची वायर सोडा, मग प्लसची. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशने टोकं घासा. फेस येईल, येऊ द्या. बॅटरीची झाकणं घट्ट लावलेली हवीत, सोडा आत गेला तर आतलं अ‍ॅसिड निकामी होतं. स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडं पुसून, आधी प्लस आणि शेवटी मायनस घट्ट बसवा. वरून बोटभर व्हॅसलीन लावा, म्हणजे खार लवकर धरत नाही. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. एवढ्यात किती जणींच्या गाड्या सुरू होतात, हे करून पाहिल्यावरच कळेल.

मायनसची वायर दुसऱ्या बाजूने इंजिनाला आणि बॉडीला जोडलेली असते. तिला मिस्त्री लोक अर्थ म्हणतात. हे दुसरं टोक कोणी पाहतच नाही. आमच्या गटाच्या ओम्नीचं असंच झालं होतं. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी नुसतं ‘टक्’ वाजत होतं. एका मिस्त्रीने सेल्फ गेला म्हणून साडेचार हजार सांगितले. आम्ही हेडलाइटची परीक्षा केली, मग अर्थचं इंजिनाकडचं टोक खोललं. खाली काळ्या मातीचा थर आणि गंज. सँडपेपरने घासून बोल्ट आवळला आणि सेल्फ फिरला. त्याच सेल्फवर गाडी अजून चालते.

दोन-चारशे रुपयांचा डॉक्टर

इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-चारशे रुपयांत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. चार-पाच गटांनी मिळून एक घेतला तरी पुरे. तो वीस व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल काडी प्लसला, काळी मायनसला.

गाडी काही तास उभी असताना मोजा. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळपास संपलेली. चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपासच अडकला, तर काय झालं? बॅटरीत सहा खण असतात, प्रत्येक साधारण दोन व्होल्टचा. दोन व्होल्ट कमी म्हणजे एक खण मेला. अशी बॅटरी बदलावीच लागते.

आता सेल्फ मारताना मोजा. भरलेली बॅटरी असूनही आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी थकली आहे.

शेवटी, गाडी सुरू झाल्यावर मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं पाहिजे. इंजिन चालू असूनही आकडा बाराच्या आसपासच राहिला, तर बॅटरी भरली जात नाही. दोष डायनामोचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा वायरिंगचा. ही तिसरी मोजणी केल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका. डायनामो नादुरुस्त असेल तर तीन-चार हजारांची नवी बॅटरीसुद्धा थोड्याच दिवसांत उतरते.

अर्थ तपासायचा असेल तर एक काडी बॅटरीच्या मायनस टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर ती वायर किंवा तिचा जोड खराब आहे. वायर शे-दोनशेत येते, सेल्फ हजारांत.

सेल्फ फिरतो, पण इंजिन उठत नाही

आधी टाकीत पेट्रोल आहे का पाहा. हसू नका, जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो. मग चाबी फक्त ‘ऑन’ करा, सेल्फ मारू नका. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मागे टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक गुंगुं आवाज येतो. तो पेट्रोल पंपाचा. आवाज नाही आला तर पंपाचा फ्यूज पाहा. पाच-दहा रुपयांचा असतो, आतली तार तुटलेली दिसते. त्याच नंबरचाच लावायचा. मोठ्या नंबरचा किंवा तारेचा तुकडा लावला तर वायरिंग पेटते. फ्यूज चांगला असेल, तर पंपाचा आणि हॉर्नचा रिले एकाच नंबरचे आहेत का पाहा. असतील, तर अदलाबदल करा. गाडी सुरू झाली आणि हॉर्न बंद पडला, म्हणजे चोर सापडला.

पंप वाजतो तरी गाडी उठत नाही, तर मिस्त्रीला प्लग खोलून दाखवायला सांगा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतं, पण ठिणगी नाही. नाहीतर वारंवार सेल्फ मारून पेट्रोल जास्त झालं. प्लग स्वतःच्या हातात धरून ठिणगी पाहू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.

चाबीचं चित्र असलेला लाल दिवा सतत लुकलुकत असेल, तर गाडी चाबी ओळखत नाही. घरातली दुसरी चाबी लावून पाहा. डिझेल गाडीत स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबूनच सेल्फ मारायचा. डिझेल पूर्ण संपून परत भरलं असेल, तर पाइपात हवा अडकते. ती हातपंपाने काढावी लागते.

आणि एक नियम सगळ्यांसाठी. एका वेळी दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर एक दुखणं होतं, त्याची दोन होतात.

धक्का आणि उसनी बॅटरी

धक्का मारायचा तर गिअरवाल्या गाडीलाच. चाबी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच सोडायचा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, म्हणून उतारावर किंवा महामार्गावर हा प्रयोग नको. बॅटरी अगदीच मेली असेल तर पंप आणि ठिणगीलाही करंट मिळत नाही, मग कितीही ढकला.

दुसऱ्या गाडीवरून वायर जोडायची तर क्रम पाठ करा. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ उडायला नको.

रात्री राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली, तर १०३३ हा महामार्ग मदत क्रमांक आहे. जिवाला धोका वाटला तर ११२. दोन्ही नंबर फोनमध्ये आजच टाका.

आपलं ऊन आणि आपलं पाणी

बॅटरी थंडीत मरते असं वाटतं, पण तिला खरं मारतं ऊन. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो, बोनेटखाली तर त्याहून जास्त. त्या उष्णतेने बॅटरीतलं पाणी उडतं आणि आतल्या पट्ट्या झिजतात. म्हणून उन्हाळ्यात गाडी निंबाखाली लावा आणि झाकणवाली बॅटरी असेल तर पंधरा दिवसांनी पाणी पाहा.

कोणतं पाणी, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते पाणी बॅटरीला कसं चालेल? त्यातले क्षार बॅटरीच्या पट्ट्या खातात. विहिरीचं, बोअरचं, नळाचं, आरओचं, कोणतंच पाणी टाकू नका. दुकानात मिळतं ते बॅटरीचं डिस्टिल्ड पाणीच टाका, आणि अ‍ॅसिड कधीच नाही. रेडिएटरमध्येही बोअरचं पाणी ओतलं तर चुलीवरच्या भांड्यासारखा आत पांढरा थर बसतो आणि इंजिन तापतं.

पावसाळ्यात ओलाव्याने वायरींचे जोड आणि कॉइल दमट होतात. कोरड्या कपड्याने पुसा, ऊन दाखवा. कापूस किंवा धान्य साठवलेल्या खोलीशेजारी गाडी लावली तर उंदीर वायरी कुरतडतात. सुरू होत नसेल तर तुटकी वायरही शोधा.

मिस्त्रीशी बोलताना

चांगला मिस्त्री हा आपला सोबती आहे, त्याच्या कामाचा पैसा द्यायलाच पाहिजे. पण बोलणं कसं करायचं ते ठरवा. “सेल्फ बदलून द्या” असं आपण म्हणायचं नाही, तो म्हणतो म्हणून मानही हलवायची नाही. लक्षण सांगायचं. “काल चालू होती, आज एकदाच टक् वाजतं, हेडलाइट मंदावत नाही, बॅटरी १२.५ दाखवते.” एवढं सांगितलं की समोरचा माणूस वेगळ्या भाषेत बोलायला लागतो.

मग तीन गोष्टी मागा. बदलण्याआधी मोजून दाखवा. काढलेला जुना पार्ट आमच्या हातात द्या. पक्कं बिल द्या. सेल्फ खरंच गेला असेल तरी नवा घेण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारा. पुष्कळदा आतले कार्बन किंवा बुश बदलून तोच सेल्फ चालतो, आणि तो खर्च नव्याच्या मानाने बराच कमी असतो. बॅटरी घेताना बनवल्याची तारीख आणि वॉरंटी कार्डावर शिक्का पाहा. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, किमतीत सूट मिळते. तिच्यात शिसं असतं, अंगणात फोडायला किंवा रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका.

एका बाईची गोष्ट

हे काम बायकांचं नाही, असं कोणी म्हटलं तर त्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगा. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत ही बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे जवळपास अमरावती ते अकोला एवढं अंतर. त्या काळी एवढा लांब प्रवास मोटारीने कोणी केला नव्हता. वाटेत इंधनाची नळी चोंदली, ती तिने टोपीच्या पिनने मोकळी केली असं सांगतात. वायर उघडी पडली, ती मोज्याच्या पट्ट्याने झाकली. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. गॅरेज नव्हतं, मिस्त्री नव्हता. नेमकं कुठे अडलं हे तिने पाहिलं आणि जवळ होतं त्यातून दुरुस्त केलं.

आपल्या गटाची पंचसूत्री आपण झोपेतही म्हणू. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. तशीच गाडीची एक पंचसूत्री वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ऐका. पाहा. साफ करा. मोजा. आणि मगच बदला.

गाडीची वेगळी वही करा. बॅटरी कधी घेतली, पाणी कधी टाकलं, किती व्होल्ट आले, कोणाला किती पैसे दिले, सगळं लिहा. पुढच्या मासिक बैठकीला दहा मिनिटं काढा, गाडी अंगणात उभी करा आणि प्रत्येकीला एकदा चाबी फिरवून तो आवाज ऐकू द्या. चांगल्या गाडीचा आवाज कानात बसला, की बिघडलेला लगेच ओळखू येतो.